गार्डियन व्यक्तिमत्त्व गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये मायर्स-ब्रिग्ज धर्तीची व्यक्तिमत्त्व चाचणी देतं, कुणी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर देतं. चार अक्षरं हाती येतात आणि मग प्रश्न सुरू होतात. आयएसटीजे, आयएसएफजे, ईएसटीजे किंवा ईएसएफजे यांपैकी काहीही निकाल आला असेल, किंवा अशा माणसासोबत तुम्ही राहत वा काम करत असाल, तर हे पान तुमच्यासाठी आहे. कार्यशाळांमध्ये हे प्रश्न मला सतत विचारले जातात, म्हणून उत्तरं जरा निवांत लिहिली आहेत.

गार्डियन म्हणजे नेमके कोण?

मायर्स-ब्रिग्ज पद्धत माणसाचा कल चार जोड्यांमधून बघते. माणसांत मिसळून तरतरी येते की एकांतात (ई किंवा आय). माहिती घेताना लक्ष समोरच्या तपशिलाकडे जातं की त्यामागच्या शक्यतांकडे (एस किंवा एन). निर्णय घेताना आधी तर्क पुढे येतो की माणसं (टी किंवा एफ). आणि रोजचे व्यवहार ठरवून केलेले बरे वाटतात की ऐनवेळेपर्यंत मोकळे ठेवलेले (जे किंवा पी). या चार जोड्यांतून सोळा प्रकार तयार होतात. त्यांतल्या ज्या चार प्रकारांत एस आणि जे ही दोन्ही अक्षरं आहेत, तो गार्डियन गट. काही जण त्याला नुसतं ‘एसजे’ म्हणतात.

हे गट पाडले कुणी?

सुरुवात स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगपासून होते. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९२१ साली जर्मनमध्ये आला. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज ही बाई आधीपासून स्वतःच्या अशाच मांडणीवर काम करत होती. युंग वाचल्यावर तिने आपली मांडणी बाजूला ठेवली आणि त्याचीच उचलली. तिची मुलगी इसाबेल मायर्स हिने पुढे त्यावरून प्रश्नावली बनवली. दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता, पुरुष आघाडीवर गेलेले होते आणि बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत, कचेऱ्यांत कामाला लागत होत्या. कुणाला कोणतं काम मानवेल हे ओळखायला काहीतरी साधन हवं, हा तिचा हेतू होता. इसाबेल राज्यशास्त्राची पदवीधर होती, मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण तिने घेतलेलं नव्हतं. तिच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण शिक्षणाची ही बाजूही वाचकांना माहीत असायला हवी. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने ही चाचणी संशोधनासाठी म्हणून प्रसिद्ध केली.

चार गट मात्र मायर्सचे नाहीत. ते डेव्हिड केअर्सी या मानसशास्त्रज्ञाचे. दुसऱ्या महायुद्धात तो लढाऊ विमानं चालवायचा, नंतर बरीच वर्षं त्याने शाळांमधल्या ‘त्रासदायक’ म्हटल्या जाणाऱ्या मुलांसोबत काम केलं आणि मग फुलर्टनच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत समुपदेशक घडवले. मॅरिलिन बेट्ससोबत लिहिलेलं त्याचं पुस्तक १९७८ मध्ये आलं, आणि १९९८ मध्ये त्याची बरीच वाढवलेली आवृत्ती. ग्रीक वैद्यकातल्या चार स्वभावांपासून चालत आलेली जुनी कल्पना त्याने मायर्सच्या सोळा प्रकारांवर बसवली. पहिल्या पुस्तकात त्याने गटांना ग्रीक देवादिकांची नावं दिली होती. एसजे गट तेव्हा प्रॉमिथियसचा भाऊ एपिमिथियस याच्या नावाने ओळखला जायचा. पुढे आर्टिझन (एसपी), गार्डियन (एसजे), आयडियलिस्ट (एनएफ) आणि रॅशनल (एनटी) ही नावं रूढ झाली.

यात एक गोम आहे. मायर्स स्वतः प्रकारांची जुळणी एसटी, एसएफ, एनएफ आणि एनटी अशी करायची. केअर्सीने एन वाल्यांना टी-एफ वरून वेगळं केलं, पण एस वाल्यांना जे-पी वरून. कागदावर ही विभागणी तिरकी दिसते आणि त्यावर टीकाही झाली. केअर्सीला त्याची फिकीर नव्हती. माणसाच्या डोक्यात काय चालतं याचा अंदाज बांधण्यापेक्षा तो बोलतो काय आणि करतो काय ते बघा, असा त्याचा आग्रह होता. ठोस गोष्टींबद्दल बोलणारी माणसं आणि अमूर्त कल्पनांबद्दल बोलणारी माणसं, हा त्याचा पहिला भेद. सर्वांना मान्य असलेल्या रीतीने काम करणारी आणि जे लागू पडेल ते करणारी, हा दुसरा. गार्डियन बोलण्यात ठोस आणि वागण्यात रीत पाळणारे. माणसं प्रत्यक्ष बघताना मला ही मांडणी मायर्सच्या जुळणीपेक्षा जास्त उपयोगी वाटते.

चौघांमध्ये समान असं काय आहे?

केअर्सीने प्रत्येक गटाची मूल्यं एकेक करून लिहून ठेवली आहेत. गार्डियनांचा विश्वास अधिकारावर आणि अनुभवसिद्ध गोष्टींवर असतो. त्यांना ओढ असते ती आपलं कुठेतरी स्थान असण्याची. शोध असतो सुरक्षिततेचा. सर्वांत जास्त किंमत कृतज्ञतेला. स्वतःबद्दल बरं कधी वाटतं, तर आपण भरवशाचे आहोत हे दिसतं तेव्हा. त्यांची हुशारी त्याने ‘लॉजिस्टिकल’ म्हटली आहे, म्हणजे योग्य वस्तू योग्य माणसापर्यंत वेळेवर आणि पुरेशी पोहोचवण्याची. काळाच्या बाबतीत त्यांचं तोंड कालच्या दिवसाकडे असतं, आणि उद्याबद्दल ते जरा निराशावादीच असतात, असंही तो म्हणतो.

ही यादी वाचून बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे शिस्तीचा, फायली नीट लावून ठेवणारा, थोडा रुक्ष माणूस उभा राहतो. माझं म्हणणं वेगळं आहे. या चौघांना बांधणारा धागा सवयींचा नाही. ‘कुणीतरी माझ्यावर विसंबून आहे’ ही जाणीव त्यांच्यात सतत जागी असते, आणि यादीतली बाकीची सगळी मूल्यं तिच्यातून निघतात.

कार्यशाळेत हे स्पष्ट दिसतं. चार गटांना चार टेबलांवर बसवायचं आणि एकच काम द्यायचं: वीस जणांची दोन दिवसांची सहल ठरवा. आर्टिझन टेबलावर पाचव्या मिनिटाला हशा सुरू होतो. कुठे पोहायचं, कुठे खायचं, बाकी तिथे गेल्यावर बघू. आयडियलिस्ट टेबल ‘सगळ्यांना एकमेकांची नीट ओळख व्हायला हवी’ इथून सुरू करतं. रॅशनल मंडळी सहलीचा उद्देश काय यावरच वाद घालत बसतात. गार्डियन टेबलावर कुणीतरी न सांगता कागद ओढून घेतं, मधोमध उभी रेघ मारतं, डावीकडे काम आणि उजवीकडे नाव. ठिकाण अजून ठरलेलं नसतं, पण प्रश्न येतो: ‘यात वयस्कर कोण आहे? गुडघ्याचा त्रास कुणाला?’ मग गाडी उशिरा आली तर काय, औषधांची पिशवी कुणाकडे, शाकाहारी किती, लोकांकडून आगाऊ पैसे किती घ्यायचे. एकदा अशा कागदाच्या तळाशी वेगळी चौकट आखून लिहिलं होतं: ‘येऊ न शकलेल्यांसाठी खाऊ.’ त्या ओळीत हा सगळा गट आला.

‘एसआय’ हा शब्द सारखा कानावर पडतो. त्याचा इथे काय संबंध?

ज्यांना केअर्सीपेक्षा युंगची वाट जवळची वाटते ते मनाच्या कार्यांची भाषा वापरतात. त्या भाषेत चारही गार्डियन प्रकारांत अंतर्मुख संवेदन म्हणजे एसआय ठळक असतं. आयएसटीजे आणि आयएसएफजे यांच्यात ते पहिल्या क्रमांकावर, ईएसटीजे आणि ईएसएफजे यांच्यात दुसऱ्या. आत्ता समोर असलेल्या गोष्टीची तुलना आपोआप आधीच्या साठवलेल्या अनुभवाशी होते. गेल्या वेळी हे कसं केलं होतं? तेव्हा काय चुकलं? भाजीत आज काय कमी आहे? युंगने स्वतः केलेलं एसआयचं वर्णन बरंच गूढ आहे, त्यात बाहेरच्या वस्तूपेक्षा तिचा आत उमटलेला ठसा महत्त्वाचा. आजची सुटसुटीत व्याख्या नंतरच्या अभ्यासकांनी घडवली. केअर्सी मात्र या कार्यांच्या वाटेला फारसा गेलाच नाही.

मग हे चार प्रकार वेगळे कशात?

केअर्सी त्यांचे आधी दोन भाग करतो. टी असलेले कारभार बघणारे, एफ असलेले जपणूक करणारे.

ईएसटीजेला त्याने सुपरवायझर म्हटलं. काम अडलं की तो उभा राहतो आणि मोठ्याने कामं वाटून देतो. गणपती मंडळाची वर्गणी, बिल्डिंगच्या टाकीची सफाई, लग्नातल्या पंगती, जिथे कुणीतरी ‘तू हे कर, तू ते कर’ म्हणायची गरज असते तिथे हा असतो. त्याचं बोलणं लोकांना टोचतं, कारण चूक दिसली की चारचौघांत सांगून मोकळा होतो.

आयएसटीजे म्हणजे इन्स्पेक्टर. तो आवाज करत नाही. सोसायटीच्या हिशेबात आठ रुपयांचा फरक असेल तर तो रात्री अकरापर्यंत व्हाउचरं चाळेल, सापडल्यावर कुणाला सांगणारही नाही. दिलेला शब्द त्याच्या लेखी करारच. त्याची अडचण अशी की तो प्रेमही कामातूनच व्यक्त करतो. स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेवलंय, विम्याचा हप्ता भरलाय, म्हणजे सांगायचं ते सांगून झालं.

ईएसएफजे, प्रोव्हायडर. माणसं जोडलेली राहावीत, कुणी एकटं पडू नये, हे याचं काम. कुणाकडे बारसं आहे, कुणाचं ऑपरेशन झालं, कोण कुणाशी बोलत नाही आणि त्यांना हळदीकुंकवाला शेजारी बसवायचं की लांब, हे सगळं याच्याकडे. या माणसाला टीका फार लागते.

आणि आयएसएफजे, प्रोटेक्टर. हा प्रकार मला जवळून बघायला मिळाला तो एका रुग्णालयात, नातेवाइकाच्या उशाशी बसले असताना. पहाटे पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला माहिती देत होत्या. ताप, सलाइन, औषधांच्या वेळा झाल्या आणि मग त्या म्हणाल्या, ‘सात नंबरच्या आजी रात्री उठल्या की आधी चष्मा शोधतात. उशीच्या उजव्या बाजूला ठेवलाय, डाव्या हाताला सुई आहे.’ हे कुठल्याही तक्त्यात नव्हतं. त्या सिस्टरांची चार अक्षरं कोणती, मला ठाऊक नाही. पण आयएसएफजेचं लक्ष कसं चालतं हे समजावताना मी अजून हेच सांगते.

गार्डियन म्हणजे जुन्या विचारांचे, असंच ना?

नाही. हा या गटावरचा सर्वांत अन्यायकारक शिक्का आहे. गार्डियन जे चालू आहे ते जपतो. आता काय चालू आहे ते त्याच्या भोवतालावर ठरतं. सनातनी घरात वाढलेला तिथल्या रूढी सांभाळेल. सुधारकी घरात, चळवळीत वाढलेला तितक्याच निष्ठेने सभेची वेळ पाळेल, वर्गणीच्या पावत्या फाडेल, वाचनालयाच्या नोंदी ठेवेल. कुठलीही चळवळ भाषणं करणाऱ्यांवर चालत नाही. सतरंज्या घालणारे आणि जमाखर्च लिहिणारे लागतात, आणि त्यांत या गटाची माणसं भरपूर असतात. बदलाला त्यांचा विरोध दिसतो तेव्हा बहुधा त्यांचा प्रश्न साधा असतो: जुनं बंद केल्यावर त्यावर अवलंबून असलेल्यांचं काय करणार? उत्तर मिळालं की ते बदल राबवतातही, आणि इतरांपेक्षा नीट राबवतात.

खोट आहे ती दुसरीकडे. अधिकारपदावरच्या माणसाला ते लवकर मानतात. वरून आलेला आदेश चुकीचा असला तरी ‘नियम आहे’ म्हणून पाळला जाण्याचा धोका या गटात खरोखर असतो, आणि गार्डियन वाचकांनी ही गोष्ट मनावर घ्यावी असं मला कळकळीने वाटतं.

हे लोक किती आहेत? इंटरनेटवर तर सगळे आयएनएफजेच दिसतात.

अमेरिकेत लोकसंख्येचं प्रतिनिधित्व करणारा नमुना घेऊन केलेली आणि मायर्स-ब्रिग्जच्या १९९८ च्या मॅन्युअलमध्ये छापलेली आकडेवारी अशी: आयएसएफजे १३.८ टक्के, ईएसएफजे १२.३, आयएसटीजे ११.६ आणि ईएसटीजे ८.७. एकूण ४६ टक्क्यांच्या वर. आयएनएफजे त्याच नमुन्यात १.५ टक्के होते. केअर्सीचा स्वतःचा अंदाजही गार्डियन ४० ते ४५ टक्के असाच होता. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते उचलून महाराष्ट्राला लावू नका.

नेटवर ते कमी दिसतात त्याचं कारण सरळ आहे. स्वतःच्या स्वभावावर तासन्‌तास चर्चा करायला अमूर्त गोष्टींत रमणारे लोकच जास्त जमतात. त्यामुळे एन वाल्यांनी एस वाल्यांबद्दल लिहिलेलं खूप सापडतं, आणि त्यात ‘कल्पनाशून्य’, ‘मेंढरं’ असे शब्द सर्रास असतात. ते वाचून आपला निकाल लपवणारी, चाचणी पुन्हा देऊन ‘दुर्मीळ’ प्रकार मिळवणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत. वाईट वाटतं. ज्यांच्या आधारावर घर उभं आहे त्यांनी स्वतःला कमी का लेखावं?

माझं कपाट म्हणजे नुसता पसारा आहे. तरी मी गार्डियन असू शकते?

असू शकता. ‘जे’ म्हणजे टापटीप हा गैरसमज आहे. जे चा संबंध गोष्टी ठरवून मोकळं होण्याशी आहे. तुमचं कपाट कसंही असू दे; पण भावाला सोमवारी द्यायचे पैसे रविवारीच बाजूला काढले नाहीत तर तुम्हाला झोप लागत नसेल, तर या गटाचा विचार जरूर करा. उलटही खरं आहे. आईच्या धाकाने टापटीप शिकलेले कितीतरी जण मुळात मोकळ्या स्वभावाचे असतात.

माझे बाबा गार्डियन आहेत. सगळ्यांसाठी राबतात आणि मग ‘माझी कुणाला किंमत नाही’ म्हणून चिडतात. असं का?

हा प्रश्न कार्यशाळेत नेहमी बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारला जातो.

केअर्सीच्या यादीतला कृतज्ञतेचा मुद्दा इथे येतो. गार्डियनला आभार हवे असतात, पण मागणं त्याच्या स्वभावात बसत नाही. कर्तव्य केलं, त्याचं काय सांगायचं? मग तो आणखी करतो, आणखी ओझं घेतो, आणि मनात कुठेतरी हिशेब साठत जातो. घरच्यांना सगळं वेळेवर मिळत असतं, म्हणून ते कुणाच्या लक्षातच येत नाही. एखाद्या दिवशी चहात साखर कमी पडल्याचं निमित्त होतं आणि दहा वर्षांपूर्वीच्या लग्नातला मानपान बाहेर येतो.

दोन गोष्टी करून बघा. एक, आभार नेमके माना. ‘बाबा, तुम्ही खूप करता’ याने काही होत नाही, त्यांना ते वरवरचं वाटतं. ‘परवा तुम्ही गॅसची नळी बदलून घेतली, माझ्या डोक्यातून गेलं होतं’ हे पोहोचतं. दोन, त्यांच्याकडचं एखादं काम पूर्ण अंगावर घ्या आणि वेळेवर करा. अर्धवट घेऊन विसरलात तर ‘माझ्याशिवाय होत नाही’ हा त्यांचा समज पक्का होईल. सुरुवातीला ते मागे उभे राहून सूचना देतील. तेवढं सोसा.

ताण आला की या गटाचं काय होतं?

सहसा दोन टप्पे दिसतात. आधी पकड घट्ट होते: याद्या वाढतात, चौकश्या वाढतात, दुसऱ्याने केलेलं काम पुन्हा तपासलं जातं. मग एका मर्यादेनंतर वाईट शक्यतांचं चक्र सुरू होतं. मुलीचा फोन लागला नाही म्हणजे अपघात, साहेबांनी बोलावलं म्हणजे नोकरी गेली. एरवी वस्तुस्थितीला धरून चालणारा माणूस असा बोलू लागला की घरचे गोंधळतात. ‘सकारात्मक विचार कर’ हा सल्ला अशा वेळी निरुपयोगी. एखादं छोटं, हाताने पूर्ण करता येणारं काम आणि ठोस माहिती यांनी ते भानावर येतात. मात्र झोप, भूक, रोजचे व्यवहार बिघडण्याइतकी काळजी आठवडेच्या आठवडे टिकली तर तो व्यक्तिमत्त्व प्रकाराचा विषय राहत नाही, डॉक्टरांना भेटा.

इतर गटांशी त्यांचं पटतं का?

आर्टिझनांशी छान जमतं असं केअर्सीचं मत होतं: दोघंही ठोस जगात वावरतात, एक सावध, दुसरा धाडसी. रॅशनल साहेबाशी गार्डियनची ठिणगी उडते ती ‘हे असंच का करायचं?’ या प्रश्नावर. रॅशनलसाठी तो कुतूहलाचा प्रश्न असतो, गार्डियनला तो आपल्या कामावरचा अविश्वास वाटतो. आयडियलिस्ट जोडीदारासोबत वेगळीच गंमत होते. तो विचारतो ‘आपण सुखी आहोत ना?’ आणि गार्डियन मनापासून उत्तर देतो, ‘हो, कर्जाचे दोनच वर्षांचे हप्ते राहिलेत.’ दोघांनाही एकमेकांची काळजी असते, ती बोलून दाखवायची रीत मात्र वेगळी.

ऑनलाइन साइटवर माझ्या गटाला ‘सेंटिनेल’ म्हटलंय. तेच का हे?

हो, ‘16पर्सनॅलिटीज’ या लोकप्रिय साइटवर एसजे प्रकारांना ते नाव आहे. फक्त तिथली चाचणी मूळ मायर्स-ब्रिग्ज नाही. अक्षरं तिकडची घेतली आहेत, मोजमाप ‘बिग फाइव्ह’ म्हणजे मानसशास्त्रातल्या संशोधनात वापरल्या जाणाऱ्या पाच मुख्य गुणांच्या अंगाने केलं जातं, आणि ए किंवा टी असं पाचवं अक्षरही जोडलं जातं.

माझा निकाल दर वेळी वेगळा येतो. कुठला खरा?

कदाचित यांतला कुठलाच पूर्ण खरा नसेल. चाचणी सरळ दोन कप्पे करते, पण बहुतेक माणसं प्रत्येक जोडीच्या मध्याजवळ असतात. मध्यरेषेवरचा माणूस एका उत्तराने इकडून तिकडे जातो. पाच आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर निम्म्यापर्यंत लोकांचा किमान एका अक्षराने प्रकार बदलतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्यात आपण कसे आहोत यापेक्षा कसे असायला हवं याची उत्तरं देण्याची सवय. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेला ‘तुम्ही जबाबदारी घेता का’ असं विचारलं तर ती ‘नाही’ कुठून म्हणणार? भूमिका आणि कल यांत फरक आहे. उजव्या आणि डाव्या हाताने सही करून बघा: दोन्हीने जमते, एकीला विचार करावा लागत नाही. ज्या वागण्याचा तुम्हाला विचारच करावा लागत नाही, तिथे कल शोधा.

याला शास्त्रीय आधार आहे का? स्पष्ट सांगा.

स्पष्टच सांगते: मर्यादित. १९९१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने ही चाचणी करिअर मार्गदर्शनासाठी वापरण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. १९८९ मध्ये मॅक्रे आणि कोस्टा या संशोधकांनी तिची बिग फाइव्ह मांडणीशी तुलना केली. चारही जोड्या बिग फाइव्हमधल्या चार गुणांशी जुळतात, पण माणसं वेगवेगळ्या कप्प्यांत पडतात याला आधार मिळाला नाही. पाचवा गुण, म्हणजे भावनिक अस्थिरता, ही चाचणी मोजतच नाही. त्या भाषेत गार्डियन म्हणजे ढोबळमानाने कर्तव्यदक्षतेत वरचे आणि नव्या अनुभवांच्या ओढीत मध्यम किंवा खालचे. हा सगळा चढउताराचा भाग आहे, भिंती कुठेच नाहीत.

बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोगही माहीत असू द्या. १९४८ मध्ये त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास वर्णन’ म्हणून एकेक कागद दिला. सरासरी ५ पैकी ४.२६ गुण देऊन त्यांनी ते अगदी अचूक ठरवलं. सर्वांच्या कागदावर एकच मजकूर होता, भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. म्हणून गार्डियनचं वर्णन वाचून ‘अरे, हा मीच!’ वाटलं तर बाकीच्या तीन गटांचं वर्णनही तितक्याच मन लावून वाचा.

मग मी हे का शिकवते? कारण घरातल्या दोन माणसांना एकमेकांवर आरोप न करता बोलायला यातून शब्द मिळतात. तेवढंच काम त्याच्याकडून घ्यावं.

लग्न जुळवताना किंवा नोकरीला घेताना हे बघावं का?

दोन्हीला माझं उत्तर नाही. चाचणीचे हक्क असलेली कंपनी स्वतःच सांगते की नोकरभरतीसाठी ती वापरू नये. तरी काही ठिकाणी मुलाखतीआधी अशा चाचण्या दिल्या जातात, आणि अर्जदार मग ‘साहेबांना हवा तो’ प्रकार भरून देतात. लग्नाचं म्हणाल तर पत्रिकेत देवगण, मनुष्यगण, राक्षसगण बघून स्थळं नाकारली जाणं आपल्याकडे अजून थांबलेलं नाही. त्यात आता चार अक्षरांची भर कशाला? दोन गार्डियनांचा संसार सुखाचा होतो तसा दोघांच्या ‘आमच्याकडे असंच करतात’ मुळे पहिल्या दिवाळीतच रुसवाही होतो.

वात-पित्त-कफ किंवा सत्त्व-रज-तम यांच्याशी हे जुळतं का?

ओढूनताणून जुळवता येईल, पण जुळवू नये. आयुर्वेदातल्या प्रकृतीचा विचार शरीरासह केलेला आहे, आणि गीतेतल्या गुणांमध्ये चढती पायरी आहे. केअर्सीच्या गटांत वरचा-खालचा कुणीच नाही.

शाळेतल्या मुलांना प्रकार सांगावा का?

सांगू नये. कल अजून घडत असतो. आठ वर्षांच्या मुलीला ‘तू प्रोटेक्टर आहेस’ म्हटलं की धाकट्या भावाची सगळी जबाबदारी तिच्यावर टाकायला मोठ्यांना निमित्त मिळतं.

ऑफिसात नवी पद्धत आणायची आहे आणि टीममध्ये बरेच गार्डियन आहेत. कसं सांगू?

स्लाइडवर भविष्याचं स्वप्न दाखवून सुरुवात करू नका. सध्याच्या पद्धतीत काय चांगलं चाललंय ते आधी म्हणा, आणि ते कुणी उभं केलं त्यांचं नाव घ्या. मग नेमकं काय बदलणार आणि काय तसंच राहणार हे दोन रकान्यांत लिहून द्या. तारखा द्या. हीच पद्धत आधी कुठे चालली आहे त्याचं उदाहरण द्या, शक्य असल्यास तिथल्या माणसाशी त्यांना फोनवर बोलू द्या. नंतर टीममधल्या सर्वांत शंकेखोर, सर्वांत अनुभवी माणसाकडे जा आणि विचारा, ‘यात कुठे अडेल?’ तो अकरा अडचणी सांगेल. लिहून घ्या. त्यांतल्या सात-आठ खऱ्या असतील, आणि त्या सोडवण्याचं काम त्यालाच विचारून वाटलंत तर पुढच्या बैठकीत नवी पद्धत तोच इतरांना समजावून सांगत असेल.